शासन, बाजार आणि ‘हस्तक्षेप’ : एका परिभाषेची चिकित्सा

१

आधुनिक अर्थव्यवहारात शासनाचे स्थान कोणते असावे, हा वाद जुना आहे. आणि मराठीत तो ज्या शब्दांच्या आधारे चालतो ते शब्दही आता जुने झाले आहेत. ‘शासनाने बाजारात हस्तक्षेप करावा की करू नये’, या एका वाक्यात तो वाद बहुधा सामावला जातो. अग्रलेख, विधिमंडळातील चर्चा, पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका या सर्वांत हे वाक्य थोड्याफार फरकाने आढळते. समर्थक आणि विरोधक यांचे इतर सर्व बाबतींत मतभेद असले, तरी प्रश्नाच्या या मांडणीविषयी त्यांच्यात एकमत असते. वादातील दोन्ही पक्ष ज्या गोष्टीविषयी निःशंक असतात, तिची तपासणी आधी व्हावयास हवी.

‘हस्तक्षेप’ या संज्ञेत एक गृहीतक दडलेले आहे. महाराष्ट्रातील शेतमालाच्या बाजाराचा इतिहास त्या गृहीतकास दुजोरा देत नाही. आणि शासनाच्या परस्परभिन्न कृतींना हे एकच नाव दिल्यामुळे धोरणविषयक चर्चेत प्रत्यक्ष घोटाळा होतो, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. प्रश्न भाषेचा असला तरी तो केवळ भाषेचा नाही.

२

प्रथम शब्दाचा विचार. ‘हस्तक्षेप’ हा तत्सम सामासिक शब्द. त्याचा अवयवार्थ ‘हात टाकणे’. आज मराठीत तो इंग्रजीतील दोन वेगळ्या शब्दांसाठी योजला जातो : ‘इंटरव्हेन्शन’ आणि ‘इंटरफिअरन्स’. यांपैकी पहिला शब्द अर्थशास्त्राच्या परिभाषेत बराचसा तटस्थ आहे. मध्ये पडणे एवढेच तो सांगतो, आणि ते इष्ट की अनिष्ट हे ठरविणे वाचकावर सोडतो. दुसऱ्यात अनाहूतपणाचा दोष आधीच धरलेला असतो. मराठी ‘हस्तक्षेप’ या शब्दावर या दुसऱ्या अर्थाची छाया अधिक दाट आहे. न्यायालयाच्या कामात, संस्थेच्या स्वायत्ततेत, दुसऱ्याच्या घरगुती बाबींत जो होतो तो हस्तक्षेप; बोलीतील ‘ढवळाढवळ’ आणि ‘लुडबूड’ हे त्याचे शेजारी. त्यामुळे शासनाच्या एखाद्या कृतीस हस्तक्षेप हे नाव दिले गेले की, तिच्या समर्थकास आधी दोष पत्करून मग समर्थनास लागावे लागते.

शब्दाहून महत्त्वाची आहे ती त्याभोवतीची वाक्यरचना. ‘बाजारात हस्तक्षेप’ यातील सप्तमी एक चित्र उभे करते : बाजार ही एक बंदिस्त जागा आहे; हात टाकणारा तिच्या बाहेर आहे; आणि आत जे चालले आहे ते तो हात येण्यापूर्वीच आपापल्या परीने पूर्ण आहे. ही गोष्ट वाक्यात विधान म्हणून येत नाही, ती गृहीत म्हणून येते. गृहीताचा विशेष असा की, वाक्य नकारार्थी केले तरी ते अबाधित राहते. ‘शासनाने बाजारात हस्तक्षेप करू नये’ असे म्हणा अथवा ‘अवश्य करावा’ असे म्हणा. शासनापूर्वी आणि शासनाबाहेर बाजार सिद्ध असतो, हे दोन्ही वाक्यांनी मान्य केलेले असते.

क्रियापदेही याच चित्राला रंग भरतात. आर्थिक वृत्तांतात बाजारविषयक क्रियापदे बहुतांशी अकर्मक असतात : भाव पडतो, भाव कोसळतो, बाजार उठतो, तेजी येते. पाऊस ज्या क्रियापदाने पडतो त्याच क्रियापदाने भावही पडतो. दोहोंनाही कर्ता नाही. शासन मात्र नेहमी ‘ने’ प्रत्ययासह अवतरते : शासनाने बंदी घातली, शासनाने दर ठरविला. वाचकाच्या मनावर नकळत असा संस्कार होतो की, बाजारात गोष्टी घडतात आणि शासन त्या करते.

शेतकऱ्याच्या बोलण्यात मात्र ‘भाव पडले’ आणि ‘भाव पाडले’ हे दोन्ही प्रयोग नांदतात, आणि ते एकमेकांऐवजी वापरले जात नाहीत. आवक वाढली म्हणजे भाव पडतात. खरेदीदारांनी संगनमत केले म्हणजे ते पाडले जातात. ऐन हंगामात निर्यातबंदी झाली म्हणजेही ते पाडलेच जातात. ‘पडणे’पासून ‘पाडणे’ सिद्ध करणारी ही साधी धातुप्रक्रिया कर्त्याचा प्रश्न उपस्थित करते. कर्ता व्यापारी असो की शासन असो, बोली त्याला सारख्याच प्रत्ययाने ओळखते. या बाबतीत बोलीची विवेकशक्ती ग्रांथिक अर्थशास्त्रीय गद्याहून सूक्ष्म आहे, असे म्हणावे लागते.

३

शासन आणि बाजार यांची ही फारकत मराठी भाषेला मुळापासून अभिप्रेत होती काय, हेही पाहण्याजोगे आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाचे दहा वर्ग आहेत. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग इत्यादींबरोबर त्यात पण्यवर्गही आहे; म्हणजे क्रयविक्रयाची आणि बाजारी मालाची नावे राज्यकारभाराच्या कोशातच आली आहेत. कोशातील वर्गवारी हा इतिहासाचा निर्णायक पुरावा नव्हे. तथापि त्या काळच्या जाणत्यांना बाजार हा राज्यव्यवहाराचा एक भाग वाटत होता, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

‘पेठ’ या शब्दाचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. पेठ वसते, तशीच ती वसवलीही जाते. मराठा अमलात राजसत्ता कौल देऊन, काही काळ करांत सूट देऊन, व्यापारी व कारागिरांना नव्या पेठेत आणीत असे. शेटे आणि महाजन हे पेठेचे वतनदार असत. पुण्याच्या कोतवालाच्या कामांत भावांवरील देखरेखीचाही समावेश होता. ‘निरख’ हा फारसीतून आलेला शब्द चालू दर आणि ठरवून दिलेला दर अशा दोन्ही अर्थांनी रूढ झाला. या व्यवस्थेत जुलूम नव्हता अथवा ती आदर्श होती, असे येथे सुचवावयाचे नाही. मुद्दा इतकाच की, ‘भरणारा’ बाजार आणि ‘भरविलेला’ बाजार या दोन्ही कल्पना भाषेत एकत्र नांदत होत्या. त्यांपैकी पहिलीच खरी आणि दुसरी उपरी, हा समज नंतरचा आहे.

तो समज इंग्रजी अर्थशास्त्राबरोबर आला, असे म्हणण्याची प्रथा आहे. पण तेही अर्धसत्यच होय. ‘अदृश्य हात’ या शब्दप्रयोगाचा सारा भार ज्या ॲडम स्मिथवर टाकला जातो, त्याच्या १७७६ च्या ग्रंथात तो प्रयोग एकदाच येतो. आणि त्याच ग्रंथाचा पाचवा भाग संरक्षण, न्यायदान व सार्वजनिक बांधकामे या राजसत्तेच्या कर्तव्यांचा आणि त्यांवरील खर्चाचा सविस्तर विचार करतो. कार्ल पोलान्यी याने १९४४ मध्ये तर असे प्रतिपादन केले की, इंग्लंडातील खुला बाजार आपोआप उगवला नाही. तो राज्यसंस्थेच्या दीर्घ व हेतुपूर्वक प्रयत्नांनी घडविला गेला. पोलान्यीचे हे मत इंग्लंडच्या इतिहासावर आधारलेले आहे. वऱ्हाडच्या कापसाच्या बाजारात त्याची स्वतंत्र परीक्षा घेता येते.

४

वऱ्हाडातील कारंजा येथील कापूस बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये १८८६ मध्ये नियमनाखाली आला. भारतातील हा पहिला नियमित बाजार समजला जातो. त्यामागे शेतकऱ्याचे हित हा प्रधान हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. इंग्लंडातील गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त दराने मिळावा, ही निकड अधिक होती. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, १९२७ मध्ये मुंबई प्रांताने कापूस बाजारांसाठी कायदा केला, आणि १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने नियमित बाजारांची सर्वत्र शिफारस केली. मुंबई प्रांताचा १९३९ चा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा शेतमाल पणनविषयक कायदा ही याच परंपरेची पुढील पावले होत.

या कायद्यांपूर्वी बाजारात काय होते? शासनाचा हात नव्हता; म्हणजे रूढ परिभाषेप्रमाणे बाजार ‘मुक्त’ होता. या मुक्त बाजारातील सौद्याची एक पद्धत ‘हत्ता’ या नावाने प्रसिद्ध आहे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली अथवा धोतराच्या सोग्याखाली एकमेकांचे हात धरीत आणि बोटांच्या दाबाने भाव सांगत. ज्याचा माल विकला जाई तो शेतकरी समोर उभा असे. परंतु कोणी किती भाव बोलला आणि तो का नाकारला गेला, हे त्याला कळत नसे. सौदा उरकला की पट्टीतून अडत, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय अशा रकमा कापल्या जात. वजनमापे ठिकठिकाणी निराळी असत. पैसे केव्हा मिळावयाचे हेही अनिश्चित असे.

कायद्याने नेमके काय केले, हे या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. हत्ता बंद करून उघड लिलाव सक्तीचा केला; परवानाधारक मापाडी नेमला; कोणत्या रकमा कापाव्यात आणि कोणत्या नाहीत हे ठरविले; मालाचे पैसे ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन घातले; तंटा उद्भवल्यास तो कोठे न्यावा हे सांगितले. आधीपासून पूर्ण असलेल्या बाजारात बाहेरून टाकलेला हात, असे या कृतीचे वर्णन करता येईल काय? पुस्तकी अर्थशास्त्र ज्याला बाजार म्हणते, जेथे अनेक खरेदीदार एकमेकांदेखत स्पर्धा करतात आणि भाव सर्वांना ज्ञात असतो, तो बाजार या नियमांनंतर अस्तित्वात आला. पूर्वी होता तो रुमालाखालचा व्यवहार.

येथे मराठीतील दोन विशेषणांचा भेद उपयोगी पडतो. ‘मुक्त’ म्हणजे बंधन नसलेला. ‘उघड’ म्हणजे सर्वांना दिसणारा. ‘खुला’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, आणि ‘खुला बाजार’ या शब्दप्रयोगातील संदिग्धतेचे मूळ तेथेच आहे. हत्त्याचा बाजार मुक्त होता, पण उघड नव्हता. लिलावाचा बाजार उघड आहे, आणि तो उघड असण्याचे कारण तो नियमबद्ध आहे हे होय. बाजाराची मुक्तता आणि त्याचा उघडपणा परस्परांवाचून असू शकतात, एवढेच नव्हे तर कधी एक दुसऱ्याच्या आड येते. मुक्तता कोणाची आणि कोणापासून, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात नेमका विचारला होता. राज्यसंस्थेच्या नियंत्रणापासून मिळणारे स्वातंत्र्य हे व्यवहारात जमीनदाराला खंड वाढविण्याचे आणि मालकाला मजुरी घटविण्याचे स्वातंत्र्य ठरते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. अर्थविचाराच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. एका विशेषणाची चिकित्सा म्हणूनही तो वाचावयास हवा.

५

वरील विवेचनावरून शासनाची प्रत्येक कृती बाजाराला उपकारक असते, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. त्यासाठी आज ‘हस्तक्षेप’ या एका नावाखाली वावरणाऱ्या कृती वेगळ्या करणे अवश्य आहे. त्या निदान तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार बाजाराच्या घडणीचा : वजनमापे, करार, उघड लिलाव, पैसे देण्याची मुदत, तंट्याचा निवाडा. यांवाचून अनोळखी माणसांत व्यवहार संभवत नाही. दुसरा प्रकार नियमनाचा : बाजारात कोणी यावे, कोणत्या अटींवर परवाना मिळावा, संगनमतास आळा कसा घालावा. तिसरा प्रकार फलनियंत्रणाचा : सौद्यातून निघणारा भाव अथवा मालाची वाट शासनाने स्वतःच ठरविणे.

तिसऱ्याची उदाहरणे महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. १९७१ च्या कायद्यान्वये कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि राज्यात शासनपुरस्कृत यंत्रणा हीच कापसाची एकमेव खरेदीदार ठरली. शेजारच्या राज्यांत भाव चढे असत तेव्हा कापूस चोरवाटांनी सीमेपार जाई. पुढे तोट्याचा भार वाढला आणि २००२ मध्ये खाजगी खरेदीस वाट मोकळी झाली. कांद्याच्या बाबतीत ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने ४० टक्के निर्यातशुल्क लावले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली आणि मे २०२४ मध्ये ती बंदी उठविली. लासलगावच्या आवारात उभ्या असलेल्या उत्पादकाच्या दृष्टीने येथे भाव पडला नाही, पाडला गेला. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी शासनावर जो आरोप सातत्याने केला, तो मुख्यतः या तिसऱ्या प्रकारास उद्देशून होता. आणि तेवढ्यापुरता त्याचा प्रतिवाद करणे सोपे नाही.

दुसरा प्रकारही निर्दोष नाही. बाजार समितीचा परवाना हा संगनमतास आळा घालण्यासाठी निघाला. परंतु परवानाधारकांची संख्या मर्यादित राहिली की तोच परवाना संगनमताचे कुंपण होतो. उघडपणासाठी केलेल्या नियमातून नवा बंदिस्तपणा जन्मास आला, ही अनेक आवारांतील शेतकऱ्यांची तक्रार खोटी म्हणता येत नाही. म्हणून पहिल्या प्रकाराचे समर्थन हे दुसऱ्या अथवा तिसऱ्या प्रकाराचे आपोआप समर्थन होत नाही, आणि तिसऱ्याचा निषेध हा पहिल्याचा निषेध होत नाही. ‘हस्तक्षेप’ ही संज्ञा नेमका हाच भेद पुसून टाकते.

६

या घोटाळ्याची किंमत २०२० आणि २०२१ या वर्षांत दिसून आली. संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये शेतीविषयक तीन कायदे संमत केले. दिल्लीच्या सीमांवर दीर्घ आंदोलन झाले. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीस स्थगिती दिली. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये हे कायदे रद्द झाले. मराठीत यावर झालेली चर्चा बहुतांशी दोन शब्दांभोवती फिरली. एका पक्षाने ‘मुक्ती’ हा शब्द धरला, दुसऱ्याने ‘संरक्षण’ हा. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांच्याबाबत जो निर्णय झाला होता, त्याच्यासाठी ‘नियमनमुक्ती’ ही संज्ञा आधीच रूढ झाली होती.

परंतु बाजार समितीच्या आवाराबाहेर व्यापारास मोकळीक देणाऱ्या त्या केंद्रीय कायद्यात काय होते? खरेदीदाराजवळ पॅन क्रमांक अथवा शासनमान्य अन्य दस्तऐवज असावा. पैसे त्याच दिवशी अथवा फार तर तीन कार्यदिवसांत द्यावेत. तंटा झाल्यास तो उपविभागीय दंडाधिकाऱ्यापुढे जावा. म्हणजे कोणी खरेदी करावी, पैसे केव्हा द्यावेत आणि न्याय कोणी द्यावा, हे तिन्ही प्रश्न ‘मुक्त’ बाजाराच्या कायद्यालाही सोडविता आले नाहीत असे नव्हे. ते त्याने आपल्या पद्धतीने सोडविले. तेव्हा खरा वाद नियम आणि नियमाभाव यांच्यातील नव्हता. तो दोन नियमसंचांमधील होता. तीन दिवसांची मुदत पुरेशी आहे काय, दंडाधिकाऱ्याकडे लहान शेतकऱ्याला दाद मिळेल काय, आवाराबाहेरचा भाव सर्वांना कळावा कसा, हे प्रश्न चर्चेच्या केंद्रस्थानी असावयास हवे होते. ‘हस्तक्षेप हवा की नको’ या मांडणीने त्यांना कडेला सारले.

वित्तीय बाजाराचा अनुभव याहून निराळा नाही. १९९१ नंतरच्या धोरणास ‘उदारीकरण’ हे नाव आहे, आणि परवानापद्धतीची पकड त्यामुळे सैल झाली हे खरे. परंतु भांडवल उभारणीवरील जुने नियंत्रण संपले त्याच १९९२ या वर्षी सेबीला वैधानिक अधिकार मिळाले. दूरसंचारासाठी १९९७ मध्ये नियामक प्राधिकरण स्थापन झाले. २००२ मध्ये स्पर्धाविषयक कायदा आला. शासन बाजारातून निघून गेले, असे या घटनाक्रमाचे वर्णन यथार्थ नाही. ते फलनियंत्रणाकडून नियमनाकडे वळले, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

७

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आठवडे बाजार आणि वाड्यावस्त्यांवरील देवघेव कोणत्याही शासनाने निर्माण केलेली नाही. मग बाजार शासनाने घडतो असे कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे सिद्धान्ताला मर्यादा घालावी लागते. नियमांवाचून बाजार नाही, इतकेच सर्वत्र खरे; नियम करणारे शासनच असले पाहिजे असे नाही. रूढी, महाजन, जात, गाव यांनीही नियम केले आहेत. हत्ता हीदेखील एक नियमबद्ध रूढीच होती. मात्र जेथे देणारा व घेणारा परस्परांस अनोळखी असतात, माल दूर जातो आणि पैसे मागाहून मिळतात, तेथे रूढीचा नियम बलवानाच्या बाजूस झुकतो, हे हत्त्याने दाखविले आहे. ‘आधुनिक’ हे विशेषण बाजाराला ज्या अर्थाने लागते, त्या अर्थाने त्याला सार्वजनिक नियमकर्त्याची गरज असते.

दुसरा आक्षेप असा की, शब्द बदलल्याने धोरण बदलत नाही. तेही खरे आहे. पण शब्द धोरणाचे प्रश्न ठरवितात. ‘हस्तक्षेप’ म्हटले की प्रश्न प्रमाणाचा होतो : किती हवा, थोडा की फार? ‘घडण’, ‘नियमन’ आणि ‘फलनियंत्रण’ असे वेगळे शब्द योजले की प्रश्न गुणाचा होतो : हा नियम कोणी केला, तो कोणास दिसतो, आणि तो मोडल्यास दाद कोणास मागता येते? कांद्याच्या निर्यातबंदीवर संतापलेल्या शेतकऱ्याने मापाड्याचा काटा आणि पैशाची हमी यांवरही पाणी सोडावे, अथवा ती हमी टिकावी म्हणून निर्यातबंदीही मुकाट्याने सोसावी, अशी निवड त्याच्यापुढे ठेवणारी परिभाषा सदोष आहे.

म्हणून अर्थशास्त्राच्या मराठी लेखनात ‘हस्तक्षेप’ ही संज्ञा टाकून द्यावी असे नव्हे. तिचे क्षेत्र आखून द्यावे. ठरलेल्या नियमांनुसार सौदा चालू असता त्याचे फल शासनाने बदलले, तर तो हस्तक्षेप. मग तो इष्ट असो वा अनिष्ट. सौद्याचे नियम घालून देणे हा हस्तक्षेप नव्हे. आणि पदव्युत्तर वर्गात पुढील वेळी ‘शासनाची बाजारातील भूमिका’ हा विषय चर्चेस येईल तेव्हा अध्यापकाने आरंभी एवढेच विचारावे : ‘भाव पडला’ असे जेथे छापले आहे, तेथे ‘पाडला’ हा शब्द घालता येतो काय, आणि येत असेल तर कर्ता कोण?